लाकूड वाकवायचंय? युरियाची गोणी राहू द्या!



वखर-कोळप्याच्या दुरुस्तीत दांड्याला बाक द्यायचा असतो. "युरियाच्या पाण्यात उकळलं तर लाकूड वाकेल का?" असं काही जण विचारतात.

त्यात तथ्य आहे. लाकडाचे धागे लिग्निनने धरलेले असतात आणि अमोनियाने लाकूड मऊ पडतं. पण त्याला पाणी नसलेला शुद्ध अमोनिया लागतो. तो उणे ३३ अंशांलाच उकळतो, म्हणजे ते काम बंद यंत्रातलंच. घरी युरिया उकळला की निघणाऱ्या वायूने डोळे-घसा जळतात. शिवाय अनुदानाचा युरिया शेतीबाहेर वापरायला कायद्याने बंदी आहे.

मग काय करायचं? वाफ द्या.

१) बिनगाठीचं, सरळ रेषेचं, थोडं ओलं लाकूड घ्या.
२) एक इंच जाडीला साधारण तासभर वाफ द्या. वाफ निघायला भोक ठेवा, नाहीतर भांडं फुटेल.
३) हातमोजे घालून लगेच साच्यावर वाकवा. बाहेरच्या अंगाला पत्र्याची पट्टी लावली तर लाकूड फाटत नाही.
४) पूर्ण सुकेपर्यंत बांधलेलंच ठेवा, घाईने सोडलं तर बाक उलगडतो.

पहिल्यांदा करताना गावातल्या सुतारदादांना सोबत घ्या. युरिया पिकालाच द्या!