तेरा रुपये गेले कुठे?

पाव किलो चकलीचं एक पाकीट घेऊ. भाजणी, तेल, तीळ, मीठमसाला मिळून ४२ रुपये, पाकीट आणि लेबलचे ४, गॅस-विजेचे ६. एकूण ५२. करणाऱ्या ताईंनी किंमत लावली ६५. तेरा रुपये सुटले, म्हणजे ५२ वर चांगले २५ टक्के. मग त्या नाक्यावरच्या दुकानात गेल्या. दुकानदार म्हणाला, ''ठेवतो की! मला फक्त वीस टक्के द्या.'' आपले पंचवीस, त्याचे वीस, पाच तरी उरतील, असं धरून ताई 'हो' म्हणाल्या. पण दुकानदार टक्के काढतो ते छापील किमतीवर. ६५ चे वीस टक्के म्हणजे बरोबर तेरा. ताईंच्या हाती आले ५२, आणि तळणीसमोर घातलेला दिवस फुकट.

लघुउद्योग व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवतात तरी काय, असं कुणी विचारलं की मी हे पाकीट पुढे करतो. त्यावरचं पहिलं उत्तर बहुतेकदा ठरलेलं: ''अहो, धंदा रक्तात असावा लागतो.'' आपल्याकडे हे वाक्य फार सोयीचं आहे, कारण ते म्हटलं की नोकरी शोधायला मोकळे. ज्या व्यापारी घरांकडे बोट दाखवून आपण हे म्हणतो, तिथला मुलगा शाळा सुटली की पेढीवर बसतो. उधारी कुणाला द्यायची, कुणाला गोड बोलून टाळायचं, रात्री गल्ला वहीशी कसा जुळवायचा, हे तो दहा वर्षं रोज पाहत असतो. त्याचाही अभ्यासक्रमच झाला, फक्त सर्टिफिकेट मिळालं नाही. ज्याच्या घरी पेढी नाही त्याला तेच वर्गात बसून शिकावं लागतं.

दुसरा समज माझ्या मते जास्त महागात पडतो: माल चांगला असला की गिऱ्हाईक आपोआप येतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरात खोट नव्हती. तरी पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली, कारण लोखंडाने जमिनीला विष चढतं असं शेतकऱ्यांना वाटे. मालाचा कस एकीकडे आणि गिऱ्हाइकाची भीती दुसरीकडे. तिचाही अभ्यास करावा लागतो.

'एमबीए नाही, इंग्रजी नाही, मग आपलं काय काम?' हाही प्रश्न ऐकू येतो. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे वर्ग मराठीतून चालतात. बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत, म्हणजे ज्यांना सगळे 'आरसेटी' म्हणतात तिथे, शिकणं फुकट आणि राहण्याजेवणाची सोयही. याची सुरुवात १९८२ मध्ये कर्नाटकातल्या उजिरे गावी झाली. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात तर १० लाखांपर्यंतच्या उत्पादन प्रकल्पाला आणि ५ लाखांपर्यंतच्या सेवा प्रकल्पाला शिक्षणाची अटच नाही. त्यापुढे आठवी पास पुरतं.

याच योजनेमुळे एक वेगळाच घोळ होतो. कर्जासाठी प्रशिक्षणाचा कागद लागतो, म्हणून मागच्या बाकावर मोबाइल चाळत दिवस काढणारे प्रत्येक वर्गात असतात. त्यांचं लक्ष १५ ते ३५ टक्के अनुदानाकडे. पण हे अनुदान हातात पडत नाही. ते बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून अडकून राहतं, त्यावर व्याज मिळत नाही, आणि धंदा चालू असल्याची पडताळणी झाली की कर्जात वळतं होतं. 'अनुदान आलं की गाडी घेऊ' म्हणणाऱ्याला हे दुसऱ्या दिवशी कळतं. चहाच्या सुट्टीनंतर काही खुर्च्या रिकाम्या दिसतात त्या त्यामुळेच.

आता पुन्हा चकलीकडे, कारण खरी गंमत पुढेच आहे. समजा ताईंनी किंमत ८० केली. दुकानदाराचे १६ गेले, ६४ आले, पाकिटामागे १२ सुटले. दिवाळीची ऑर्डर ५०० पाकिटांची. सामानाला २६,००० घातले, येणार ३२,०००. वहीत ६,००० नफा. पण तेलवाल्याला रोख द्यावे लागले आणि दुकानदार देणार महिन्याने. दिवाळी झाल्यावर पुढची ऑर्डर आली तेव्हा नफ्यात असलेल्या ताईंकडे तेलाच्या डब्याला पैसे नव्हते. छोटे धंदे तोट्यापेक्षा असे, पैसा अडकून, जास्त बसतात असं मला वाटतं. शिवाय ५०० पाकिटं म्हणजे सव्वाशे किलो. ताई आणि त्यांच्या जाऊबाई दहा दिवस तळत होत्या. सहा हजार भागिले वीस दिवस, म्हणजे ३०० रुपये रोज. त्यात धंद्याचा नफा कुठला, ती दोघींची मजुरीच झाली, आणि तीही बेताची.

'हे सगळं सीए बघेल' म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: सीए झालेले व्यवहार मांडतो, चकलीची किंमत तुम्हीच लावलेली असते. उधारीचे नियमही स्वतःला माहीत हवेत. २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, करारात काहीही लिहिलेलं असलं तरी, ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात; उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. त्यासाठीची उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, 'करून देतो' म्हणून पैसे मागणारे एजंट गल्लोगल्ली असले तरी. मात्र नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला नोंदणी करूनही या ४५ दिवसांचा आधार मिळत नाही. ताई स्वतः चकली बनवतात, म्हणून त्यांना मिळतो.

एक आकडा मात्र वर्गात सापडत नाही, तो दुकानाच्या फळीवर जाऊन पाहावा लागतो: खवट किंवा फुटकी म्हणून किती पाकिटं परत येतात. पाकिटाचे ५२ बुडतात आणि एका पाकिटात सुटतात १२. एक परत आलं, की ते भरून काढायला पाच विकावी लागतात.