सगळं 'बॉर्डरवर' आहे, म्हणून निर्धास्त?

गैरसमज : शुगर, बीपी, चरबी सगळं जरा जरा वाढलंय. धोक्याचं काही नाही.

वस्तुस्थिती : हे 'जरा जरा' एकत्र आलं की त्यालाच मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. त्यासाठी पाच गोष्टी बघतात. कमरेचा घेर भारतीय पुरुषात ९० आणि स्त्रीत ८० सेंटीमीटर किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल पुरुषात ४० आणि स्त्रीत ५० पेक्षा कमी, बीपी १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटीची शुगर १०० किंवा वर. यांतल्या कुठल्याही तीन जमल्या की निदान झालं. अशा माणसाला हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. एकेक आकडा सुटा वाचला की भीती वाटत नाही आणि रिपोर्ट फाइलीत जातो. मला सगळ्यांत घातक वाटतो तो हाच गैरसमज.

गैरसमज : मी सडपातळ आहे, मला कसला धोका?

वस्तुस्थिती : याचं उत्तर पुण्यातूनच मिळालं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मोजमापं छापली. उंची-वजनाचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोट पुढे, ही ठेवण घरोघरी दिसते. वजनकाटा ती दाखवत नाही, टेप दाखवते. पँटचा नंबर म्हणजे कमरेचं माप नव्हे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, उघड्या पोटावर मोजायचं.

गैरसमज : रक्तवाहिनी म्हणजे नळ, वयाबरोबर त्यात गाळ साचणारच.

वस्तुस्थिती : रक्तवाहिनी जिवंत असते. तिचं आतलं नाजूक अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करतं, त्यामुळे ती सैल राहते. पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी स्निग्धाम्लं थेट यकृताकडे पाठवते. यकृत ट्रायग्लिसराइड वाढवतं, एचडीएल घटतं, आणि वाईट कोलेस्टेरॉलचे कण लहान व घट्ट होऊन भिंतीत सहज शिरतात. इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं की अस्तराचं नायट्रिक ऑक्साइडही कमी पडतं. भिंत ताठरते, सुजते, आणि रक्त गोठण्याकडे झुकतं. वाढलेलं बीपी त्याच भिंतीवर आदळत राहतं. चारही बाजूंनी मार एकाच जागी बसतो, म्हणून हे आकडे वेगवेगळे वाचायचे नसतात.

गैरसमज : छातीत दुखत नाही, ईसीजी नॉर्मल आहे.

वस्तुस्थिती : स्वस्थ बसून काढलेला ईसीजी भिंतीतला चरबीचा थर दाखवत नाही. पुष्कळदा झटका येतो तो फारशी वाट न अडवणारा थर फुटून, त्यावर गुठळी धरल्याने. आधी काही दुखत नाही.

गैरसमज : आता गोळ्यांशिवाय इलाज नाही.

वस्तुस्थिती : अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली आले. वजन ७ टक्के उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम, एवढ्या उद्दिष्टावर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. सत्तर किलोच्या माणसाला हे पाच किलो होतात. चालू असलेली औषधं मात्र मनाने बंद करू नका.

पुढचा रिपोर्ट हातात आला की पाचही आकडे एका कागदावर लिहा, सगळ्यांत वर कमरेचं माप, आणि तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा.