आकडे तेच, सहसंबंध वेगळा

शनिशिंगणापूर म्हटलं की दार नसलेली घरं आठवतात. आपण मात्र तिथे शनीला वाहायच्या तेलाचा हिशेब पाहू. समजा, पाच दिवसांची गर्दी हजारांत १, २, ३, ४ आणि ५० अशी आहे, आणि विकलेले तेलाचे डबे ४, ३, २, १ आणि ६०. शेवटचा दिवस शनी अमावास्येचा. आकडे काल्पनिक आहेत, पण अमावास्येची झुंबड ज्यांनी पाहिली त्यांना पटतील.

गर्दी आणि डबे यांचा सहसंबंध काढला, तर एक्सेलच्या ‘कोरेल’ सूत्राने उत्तर येतं ०.९९५, म्हणजे जवळजवळ पक्कं नातं. दुसऱ्या प्रणालीत स्पिअरमनची पद्धत निवडली तर उत्तर शून्य! चूक कोणाचीच नाही. एक्सेल पिअरसनचा गुणांक काढतं. त्यात प्रत्यक्ष आकडे धरले जातात, म्हणून एकटी अमावास्या सगळं खेचून नेते. स्पिअरमन फक्त क्रम पाहतो, आणि उरलेल्या चार दिवसांत तर गर्दी वाढली की डबे कमीच झालेत.

खरी गोची होते ती कोऱ्या रकान्यांमुळे. नोंद राहिलेल्या दिवशी कुणी शून्य लिहिलं, तर एक्सेल ते खरं मानून मोजतं. रकाना कोरा असेल तर ती जोडी वगळतं. ‘आर’ हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर अशा वेळी, वेगळं सांगितलं नाही तर, उत्तरच देत नाही, ‘एनए’ दाखवून मोकळं होतं. स्टाटा या तशाच सॉफ्टवेअरमध्ये तर दोन आज्ञा आहेत: ‘कोरिलेट’ एक जरी रकाना कोरा असलेली अख्खी ओळ टाकते, ‘पीडब्ल्यूकॉर’ त्या-त्या जोडीपुरतंच पाहते. म्हणून गुणांकाशेजारी पद्धत आणि किती नोंदी धरल्या, हे छापलेलं नसेल तर तुलना करूच नये.