नैनितालला जावे ते भाद्रपदात

महाराष्ट्रातून नैनितालला जाणाऱ्यांची झुंबड उडते ती मे महिन्यात. शाळांना सुट्टी तेव्हाच, इकडे उकाडा तेव्हाच आणि सहल कंपन्यांच्या जाहिरातीही तेव्हाच. दिल्लीकरांचा बेतही नेमका त्याच दिवसांचा. मग काठगोदामहून वर जाणारा जो पस्तीसेक किलोमीटरचा घाट एरवी तास-दीड तासात सरतो, तोच शनिवार-रविवारी अर्धा दिवस खातो. पार्किंग भरले की पोलीस खासगी गाड्या गावाबाहेर, रूसी बायपासच्या बाजूलाच अडवतात आणि पुढचा रस्ता शटल गाडीने कापावा लागतो. इतके करून पोचावे, तर तलावच खंगलेला. २०१७च्या उन्हाळ्यात पाण्याची पातळी इतकी खाली गेली होती, की काठाला गाळाचे पट्टे उघडे पडले होते. त्यानंतरही अनेक उन्हाळ्यांत थोड्याफार फरकाने हेच चालू आहे.

म्हणून ज्याला तारखा स्वतः ठरवता येतात, त्याने कॅलेंडरवर मेच्या पानावर न थांबता पुढे जावे. पाऊस उतरणीला लागल्यावर, भाद्रपद शुद्ध अष्टमीच्या आसपास, नैनिताल भरलेले असते: पाण्याने आणि गावच्या माणसांनीही. तलाव काठोकाठ, ओक आणि देवदारांचे उतार धुऊन निघालेले, आणि मल्लीतालला नंदादेवीचा मेळा.

गावाची रचना पाच मिनिटांत कळते. समुद्रसपाटीपासून सुमारे १,९३८ मीटर उंचीवरचा हा तलाव, लांबी साधारण दीड किलोमीटर, रुंदी अर्ध्या किलोमीटरहून कमी आणि खोली जास्तीत जास्त सत्तावीस मीटर. दक्षिणेचे, म्हणजे बसस्टँडकडचे टोक तल्लीताल; उत्तरेचे, बाजार आणि देवळाकडचे टोक मल्लीताल. पूर्वेच्या काठाने मॉल रोड जातो, पश्चिमेच्या काठाने झाडांच्या सावलीतली ठंडी सडक. भोवती सात डोंगर, त्यांतले सर्वांत उंच नैना पीक २,६१५ मीटरचे. मॉल रोडला आता गोविंद वल्लभ पंतांचे नाव आहे. कुमाऊंमधली बरीच पंत घराणी आपले मूळ महाराष्ट्रातले सांगतात. दुकानांवर पंत आणि जोशी अशा पाट्या वाचत जाणाऱ्या मराठी माणसाला ते कोणीतरी सांगतेच.

इतिहास सगळ्या पर्यटन पुस्तिकांत आहे, त्यामुळे तो थोडक्यात. सतीचे नेत्र इथे पडले म्हणून नैनादेवी. स्कंदपुराणातल्या मानसखंडात हेच त्रिऋषी सरोवर. अत्री, पुलस्त्य आणि पुलह या तिघांनी ते मानसरोवराच्या पाण्याने भरले अशी कथा. १८४१ साली शाहजहाँपूरचा साखरेचा व्यापारी पी. बॅरन इथे पोचला, त्याने ‘पिलग्रिम’ या टोपणनावाने या जागेविषयी लिहिले आणि घर बांधले. जमिनीचा हक्कदार नरसिंह याला त्याने होडीतून तलावाच्या मध्यावर नेले आणि बुडवण्याचा धाक घालून कागदावर सही घेतली, ही गोष्ट गावात आजही सांगतात. पुढे हे संयुक्त प्रांताचे उन्हाळी राजधानीचे ठिकाण झाले. जिम कॉर्बेट १८७५ साली इथेच जन्मला. राज्य वेगळे झाल्यावर, २००० पासून, उत्तराखंडचे उच्च न्यायालय इथेच बसते.

मेळ्याकडे मात्र सावकाश वळावे. श्रीराम सेवक सभेच्या पुढाकाराने तो मल्लीतालला भरतो, आणि त्याची सुरुवात केळीपासून होते. आसपासच्या एखाद्या गावातली केळीची झाडे निवडतात, त्यांची पूजा करतात आणि ढोल-दमाऊच्या गजरात मिरवत नैनितालला आणतात. मेळ्यात या झाडाला कदलीच म्हणतात. मग सप्तमीला त्या खांबांतून नंदा आणि सुनंदा या दोन बहिणींच्या मूर्ती घडतात, आणि अष्टमीला ब्राह्ममुहूर्तावर त्यांची प्रतिष्ठा होते.

हे घडवणे पाहण्यासारखे असते. घडवणारी माणसे गावातलीच असतात, एरवी आपापल्या उद्योगधंद्यात असणारी, आणि हे काम घरातल्या वडीलधाऱ्यांचे बघत शिकलेली. केळीचा खांब नेमक्या उंचीला कापतात. बाहेरचे सोपट ओले आणि निसरडे असते. त्यात बांबूच्या कामट्या खोचून चेहऱ्याचा आकार बांधायचा, मध्ये कापूस भरायचा आणि वरून कापड ताणून शिवायचे. खरी कसोटी या ताणण्यात. कापड सैल राहिले तर गालाला सुरकुती पडते, जास्त ओढले तर कामटी वर उठून दिसते. एक जण अंगठ्याने कडा दाबत जातो, दुसरा त्याच्या मागोमाग टाके घालतो, आणि दोघांत फारसे बोलणे होत नाही. चेहरा गोल नसतो, वर निमुळता होत जातो. नंदादेवी शिखराची चढण त्यात यायला हवी असे ते मानतात. मग पिवळा रंग, मोठे डोळे, ओठ, कपाळावरची नक्षी आणि नथ. कुमाऊंनी नथ आपल्या नथीहून कितीतरी मोठी, गालभर पसरणारी, आणि ती चढली की मूर्तीची एकदम लग्नाची मुलगी होते. रात्र सरत आली की बायका ओळीने येतात, तांदूळ-फुले वाहतात, आणि लहान मुलींना पुढे करून चेहरा दाखवतात.

कथा अशी. राजाच्या या दोन लेकी रानातून जात असताना रेडा मागे लागला. त्या केळीच्या पानांआड लपल्या. तेवढ्यात बकऱ्याने ती पाने खाल्ली, आडोसा गेला आणि रेड्याने दोघींना मारले. म्हणून देवी केळीत राहते. पण गावातल्या बायका ही कथा सांगून थांबत नाहीत, त्या नंदेला डोंगराची लेक म्हणतात. ती माहेरी आलेली असते, चार दिवस तिचे कौतुक होते, आणि मग तिला सासरी पोचवायचे असते. शेवटच्या दिवशी डोला, म्हणजे देवीची पालखी, निघतो तेव्हा ढोलांच्या मागे चालणाऱ्या म्हाताऱ्या उघड रडतात.

मराठी घरातून गेलेल्या बाईला हे समजावून सांगावे लागत नाही. साधारण याच दिवसांत आपल्याकडे गौरी बसलेल्या असतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा अशा दोघी बहिणी, माहेरवाशिणी, तीन दिवसांच्या पाहुण्या. कोकणात तर अनेक घरी तेरड्याचीच गौर असते, इथे केळीची. एकमेकांपासून इतक्या दूरच्या या दोन प्रदेशांत भाद्रपदाच्या त्याच आठवड्यात झाडाची लेक घरी येते, हे पाहिल्यावर या सणांचे मूळ पोथीपेक्षा शेतातच असावे असे वाटू लागते. शिवाय एक गोष्ट आपण शिकून घ्यावी अशी. डोला गावभर फिरून ठंडी सडकेवर पाषाणदेवीपाशी येतो आणि मूर्तींचे विसर्जन तलावातच होते. मूर्तींचा गाभा केळी, बांबू, कापूस आणि कापड यांचा. प्लास्टर ऑफ पॅरिसवरून आपल्याकडे वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या चालल्या. इथे मूर्ती विरघळणारीच असावी, हे तिच्या कथेतच ठरलेले आहे.

अडचण एकच. घरी गौरी असतील तर त्या सोडून कोणी कुमाऊंला जाणार नाही, आणि जाऊही नये. अशांनी दसऱ्यानंतरचे दिवस धरावेत. पाऊस पूर्ण गेलेला असतो आणि स्नो व्ह्यूवरून सकाळी त्रिशूल व नंदादेवी, ते ७,८१६ मीटरचे खरे शिखर, स्वच्छ दिसतात. भाद्रपदात ही शिखरे ढगांत असण्याचीच शक्यता जास्त. मेळ्याला जाणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी: ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला घाटात दरडी कोसळतात, तेव्हा परतीच्या गाडीआधी एक दिवस मोकळा ठेवावा.

दरड हा शब्द नैनितालमध्ये कोणी सहज उच्चारत नाही. १८ सप्टेंबर १८८० रोजी, सततच्या पावसानंतर, सकाळी एका हॉटेलामागचा उतार खचला. अडकलेल्यांना काढायला शिपाई आणि गावकरी धावले, आणि दुपारी अख्खा डोंगरउतार त्यांच्यावर आला. १५१ माणसे गेली. नैनादेवीचे जुने देऊळ गेले, तलावाचा एक कोपरा मातीने भरला. मल्लीतालचे जे मोठे मैदान आज फ्लॅट्स म्हणून ओळखले जाते, जिथे पोरे फुटबॉल खेळतात, त्याचा बराच भाग या मातीवर उभा आहे. सेंट जॉन इन द वाइल्डरनेस या चर्चमध्ये मृतांच्या स्मृतीची पाटी आहे. ती आवर्जून वाचावी.

त्या संकटातून शहाणपण आले ते नाल्यांच्या रूपाने. इथला डोंगर ठिसूळ पाटीच्या दगडाचा आणि चुनखडीचा, शिवाय तलावाखालून भूभंग गेलेला. उतारात पाणी मुरत राहिले तर उतार सुटतो, म्हणून इंग्रज अभियंत्यांनी डोंगरभर दगडी नाले बांधून पाणी झपाट्याने खाली आणले. साठाच्या घरात असलेल्या या नाल्यांवर हे गाव दीडशे वर्षांच्या आसपास टिकून आहे. मॉल रोडवर चालताना पायाखाली ठिकठिकाणी त्यांची तोंडे लागतात. पाऊस पडत असताना तिथे थांबून बघितले तर नैनिताल कसे चालते ते कळते: पाणी खळाळत येते, आणि त्याच्याबरोबर चिप्सची पाकिटे, सिमेंटची पोती, खरमाती. नाल्याच्या कडेला, कुठे कुठे नाल्यावरच, खोल्या चढल्या आहेत. तलावात २००७ पासून यंत्राने हवा सोडावी लागते, तेव्हा कुठे तळाच्या पाण्यात प्राणवायू राहतो.

इशारे मिळत आहेत. २०१८च्या ऑगस्टमध्ये खालच्या मॉल रोडचा एक तुकडा तलावात गेला. २०२४च्या ऑगस्टमध्ये टिफिन टॉप या टेकडीवरची डोरोथी सीट कोसळली. चित्रकार डोरोथी केलेटच्या आठवणीसाठी तिच्या पतीने बांधलेला तो दगडी कठडा गावातल्या कित्येक पिढ्यांच्या फोटोंत आहे. जुनी माणसे त्याबद्दल बोलतात ती घरातले कोणी गेल्यासारखी, आणि त्यांचा राग समजण्याजोगा आहे, कारण भेगा पडल्याचे गावाला आधीपासून दिसत होते.

मुंबईकराने राजभवन चुकवू नये. १८९७ ते १९०० या काळात बांधलेल्या या वास्तूचा आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचा, म्हणजे बोरीबंदरचे स्टेशन आणि समोरची महानगरपालिकेची इमारत ज्याने उभी केली त्याचा. तिकीट काढून ठरलेल्या वेळात आत जाता येते. रोज लोकल पकडताना ज्याच्या कमानींखालून माणूस धावतो, त्याच्याच हातचे काम देवदारांच्या रानात निवांत बघण्यात मोठा आनंद आहे.

खाण्यात बाल मिठाई सगळे घेतात; ती मूळची अल्मोड्याची. त्यापेक्षा साध्या खाणावळीत भट्टाची चुडकाणी, आलूचे गुटके आणि भांगेच्या बियांची चटणी मागावी. बरोबर मडुव्याची रोटी येते. मडुवा म्हणजे आपली नाचणीच, त्यामुळे पहिल्या घासाला ओळख पटते. बडा बाजारात मेणबत्त्या बघाव्यात. हाताने केलेली मेणाची फळे हा इथला जुना धंदा, पण आता त्याच फळ्यांवर बाहेरून आलेला साच्यातला माल शेजारी बसतो. कोणते इथेच केले आहे ते विचारून घ्यावे. करणारे अभिमानाने दाखवतात.

जायचे ते दिल्लीमार्गे. नवी दिल्लीहून सकाळची शताब्दी किंवा जुन्या दिल्लीहून रात्रीची रानीखेत एक्सप्रेस काठगोदामला सोडते. तिथून वर शेअर टॅक्सी आणि बस. विमानतळ पंतनगरचा. राहायला तल्लीताल स्वस्त, पण मेळ्याच्या दिवसांत मल्लीताल सोयीचे. भीमताल, सातताल आणि नौकुचियाताल एका दिवसात होतात. कैंची धामला मात्र भल्या पहाटे निघावे: अलीकडे तिथली गर्दी इतकी वाढली आहे, की भवालीपासूनच रांग लागते, आणि १५ जूनच्या जत्रेला तर तिकडे फिरकूच नये. तलावात होडी वल्ह्याची घ्यावी, जाकीट घालून, आणि ठंडी सडकेच्या बाजूने न्यायला सांगावी.

एक जागा सहलीच्या कुठल्याच यादीत नसते, ती आपण होऊन घालावी. मल्लीतालच्या बाजारातून कालाढुंगी रस्त्याने चढत गेले की किलोमीटरभरावर सूखाताल लागतो. पावसाळ्यात भरणारा आणि उन्हाळ्यात आटणारा हा खोलगट भाग. पण इथे मुरलेले पाणीच जमिनीखालून खालच्या तलावाला मिळते, असे शास्त्रज्ञांनी वारंवार दाखवून दिले आहे. त्याच्या काठाने घरे आली, खरमाती पडली, मग सुशोभीकरणाचा बेत निघाला आणि २०२२ मध्ये उच्च न्यायालयाला ते काम थांबवावे लागले. मे महिन्यात गेलेल्याला इथे फक्त उघडी जमीन दिसते आणि ती बांधायला मोकळी वाटते. सप्टेंबरात गेलेल्याला पाणी दिसते. नैनिताल पुढची पन्नास वर्षे तलावाचे गाव राहणार की नाही, हे इथे किती पाणी मुरू दिले जाते त्यावर अवलंबून आहे; आणि येणाऱ्यांनी हॉटेलवाल्याला, टॅक्सीवाल्याला सूखातालचा रस्ता विचारायला सुरुवात केली, तर त्या जागेकडे गावाचेही लक्ष राहील.