छातीतलं यंत्र आणि फॅमिली डॉक्टर
पेसमेकर मंदावलेल्या हृदयाला ठोके देतो. आयसीडी त्याशिवाय जीवघेणी लय ओळखून शॉकही देतो. बाहेरून फरक कळेलच असं नाही, म्हणून आधी पेशंटचं डिव्हाइस कार्ड मागावं. कारण यंत्रावर चुंबक ठेवल्यावर पेसमेकर सहसा ठरावीक गतीने ठोके देत राहतो. आयसीडीचा मात्र शॉकच थांबतो. यंत्रावरची त्वचा लाल झाली, सुजली, तर तिथे सुई घालायचा मोह टाळावा आणि पेशंटला थेट हृदयतज्ज्ञाकडे पाठवावं. मोबाइलची भीती अवाजवी. १५ सेंटिमीटर अंतर पुरतं. न बोलली जाणारी गोष्ट वेगळीच आहे. दहनात बॅटरीचा स्फोट होऊ शकतो, म्हणून यंत्र आधी काढावं लागतं. आयसीडी असेल तर शॉक बंद करूनच. मृत्यूचा दाखला लिहिणाऱ्या डॉक्टरांनीच हे घरच्यांना सांगायला हवं.