छोट्या डेस्कटॉपमध्ये हार्ड डिस्क टाकताय? आधी जाडी बघा

पोखर्णीच्या आपल्या दुकानातला छोटा डेस्कटॉप भरला, म्हणून मी दुसऱ्या कंपनीची 4 टीबी हार्ड डिस्क मागवली. साईज 2.5 इंच, कनेक्टर साटा, सगळं जुळत होतं. तरी बसेच ना!

2.5 इंच म्हणजे फक्त लांबी-रुंदी. जाडी 7, 9.5 किंवा 15 मिलिमीटर असते. आपल्या ट्रेमध्ये 7 ची जागा, आणि या साईजमध्ये 4 टीबीची फिरती डिस्क 15 चीच येते. दाबून बसवणार होतो, पण कनेक्टर तुटला असता तर? सहा वर्षांची उधारी याच मशीनवर!

मग 7 मिलिमीटरची 1 टीबी एसएसडी घेतली, जुनी डिस्क तिच्यावर क्लोन केली. जुनी अजून पुसलेली नाही, कपाटात आहे. 4 टीबीवाली यूएसबी केसमध्ये घालून रोज रात्री बॅकअपला लावतो. आणि हो, ती केसही 15 ची बघूनच घ्या.