थांबण्याचे गणित : वेगवान मोटार, रस्ता आणि रेसट्रॅक

मोटार थांबवणे म्हणजे तिच्या गतीत साठलेली ऊर्जा उष्णतेत बदलून हवेत सोडून देणे, आणि ब्रेकमधल्या प्रत्येक भागाचे काम शेवटी या एका रूपांतरापाशी येऊन पोहोचते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे १,६०० किलो वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगाने धावत असताना तिच्यात सुमारे ६.२ लाख जूल ऊर्जा असते, तर वेग दुप्पट होताच ही ऊर्जा चौपट, म्हणजे जवळजवळ २५ लाख जूल होते. रोजच्या रस्त्यावर अशी वेळ क्वचितच येते. रेसट्रॅकवर मात्र लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी ती दर फेरीला येते, आणि पुढचे वळण इतक्या लवकर समोर उभे राहते की तापलेल्या ब्रेकला निवायला सवड मिळत नाही. चांगल्या मोटारीचे ब्रेक ट्रॅकवर पाच-सहा फेऱ्यांत हात टेकतात ते जोर अपुरा असतो म्हणून नव्हे, तर उष्णतेचा निचरा अपुरा असतो म्हणून. ब्रेक सुधारण्याच्या खटाटोपात बहुतेक पैसा चुकीच्या क्रमाने खर्च होतो, त्याचे मूळ या भेदाकडे झालेल्या दुर्लक्षात आहे.

जोराचा प्रश्न आधी निकालात काढणे बरे. आधुनिक मोटारीचे मूळचे ब्रेकही ताशी १०० किलोमीटर वेगात पायडल पूर्ण दाबल्यास चारही चाके जाम करू शकतात. चाके जाम होऊ नयेत म्हणून दाब क्षणोक्षणी कमी-जास्त करणारी एबीएस यंत्रणा त्या क्षणी जागी होते, याचा अर्थच असा की टायरची रस्त्यावरची पकड संपलेली असते आणि ब्रेकमध्ये जोर शिल्लक असतो. गुरुत्वत्वरणाइतक्या मंदनाने, म्हणजे चांगल्या टायरना कोरड्या रस्त्यावर साधेल अशा दराने, ताशी १०० किलोमीटरवरून थांबायला सुमारे ३९ मीटर लागतात. थंड ब्रेकने एकदाच थांबायचे असेल, तर डिस्क चिमटणारे सहा पिस्टनचे भलेमोठे कॅलिपर बसवून हे अंतर फारसे घटत नाही. ते घटते चांगल्या टायरने. दहाव्या फेरीतही ते अंतर पहिल्या फेरीइतकेच राहावे, यासाठी ब्रेकवर खर्च करायचा असतो.

डिस्क ब्रेकचा इतिहासही हेच सांगतो. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचे अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले होते, परंतु पुढची पन्नास वर्षे मोटारींवर राज्य केले ते ड्रम ब्रेकने. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे पोकळ भांडे. त्याच्या आतून अर्धगोल शू बाहेरच्या दिशेने दाबले जातात. ड्रम तापला की प्रसरण पावून शूपासून दूर सरकतो आणि पायडल खोल जाते. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर लोखंडी तबकडी फिरते आणि कॅलिपर नावाची पकड तिला दोन्ही बाजूंनी पॅडमध्ये चिमटते; तबकडी तापून जाड झाली तर पॅडच्या अधिक जवळ येते, शिवाय तिचे दोन्ही पृष्ठभाग हवेला उघडे असतात. १९५२ मध्ये फ्रान्समधील ऱ्हॅंस येथे स्टर्लिंग मॉस यांनी डनलॉपच्या डिस्क ब्रेकची जग्वार सी-टाइप चालवून शर्यत जिंकली, आणि पुढच्याच वर्षी टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन यांनी त्याच जातीच्या मोटारीने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत ताशी सुमारे १७० किलोमीटर सरासरीने जिंकली. प्रतिस्पर्ध्यांपैकी काहींची इंजिने जग्वारपेक्षा ताकदवान होती. परंतु सुमारे सहा किलोमीटरच्या सरळ पट्ट्यानंतर येणाऱ्या संथ वळणापाशी जग्वारचे चालक उशिरा ब्रेक लावू शकत होते आणि चोवीस तास तसेच लावत राहू शकत होते. ड्रम ब्रेकवर विसंबलेल्या मर्सिडीझला १९५५ मध्ये त्याच शर्यतीसाठी चालकाच्या पाठीमागे हवेत उभा राहणारा पत्रा बसवावा लागला, यावरून अडचण किती खरी होती ते दिसते.

रस्ता आणि ट्रॅक या दोन्हींची ओढाताण ज्या मोटारीत स्वच्छ दिसते, ती म्हणजे २००० ते २००६ या काळात तयार झालेली ई-४६ पिढीची बीएमडब्ल्यू एम-३. तिचे ३.२ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन ३४३ अश्वशक्तीचे होते, पुढच्या डिस्कचा व्यास ३२५ मिलिमीटर होता, आणि कॅलिपर मात्र साध्या मोटारीत असतो तसा एकाच पिस्टनचा, सरकता होता. अशा कॅलिपरमध्ये पिस्टन आतल्या बाजूचा पॅड दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने संपूर्ण कॅलिपर मार्गदर्शक खिळ्यांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. या मोटारीचे ब्रेक रस्त्यावर निर्दोष आणि ट्रॅकवर दुबळे, असा लौकिक झाला. कंपनीने २००३ मध्ये सीएसएल ही सुमारे ११० किलोंनी हलकी आवृत्ती काढली, तेव्हा पुढच्या डिस्कचा व्यास ३४५ मिलिमीटर केला. कॅलिपर एका पिस्टनचाच ठेवला. दाब लागू होण्याची त्रिज्या सुमारे दहा मिलिमीटरने वाढल्यामुळे तेवढ्याच दाबात सहा-सात टक्के अधिक रोधक बल मिळाले, तबकडीत उष्णता साठवणारे लोखंड वाढले आणि मोटारच हलकी झाल्यामुळे उष्णता मुळातच कमी निर्माण झाली. वजन घटवणे हीसुद्धा ब्रेकची सुधारणा आहे, ही गोष्ट सुट्या भागांच्या दुकानात कोणी सांगत नाही.

उष्णतेचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. चालकासह १,६०० किलोंची मोटार ताशी २०० वरून ८० किलोमीटरवर आणली, तर सुमारे २१ लाख जूल ऊर्जा ब्रेकमध्ये उतरते. ब्रेक लागताच मोटारीचा भार पुढच्या चाकांवर झुकत असल्याने त्यातला सुमारे ७० टक्के वाटा पुढच्या दोन डिस्क उचलतात. एका डिस्कचे वजन ९ किलो धरले आणि बिडाची विशिष्ट उष्णता दर किलोला, दर अंशाला सुमारे ४६० जूल घेतली, तर या एकाच प्रसंगात तबकडीचे तापमान सुमारे १७५ अंश सेल्सिअसने चढते. पुढच्या वळणापर्यंत त्यातली थोडीच उष्णता हवेत जाते आणि उरलेल्या तापमानावर नवे १७५ अंश येऊन बसतात. तबकडीला अशी चढाई काही काळ झेपते. तिच्या भोवतालच्या वस्तूंना झेपत नाही.

त्या वस्तूंपैकी पहिली म्हणजे ब्रेक ऑइल. पायाचा दाब कॅलिपरपर्यंत नेणारा हा द्रव ग्लायकॉल ईथर या वर्गातील रसायनांचा असतो आणि हवेतली आर्द्रता शोषून घेतो. अमेरिकी मानकानुसार डॉट-४ प्रतीच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, परंतु त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तो किमान १५५ अंश असला तरी चालतो. कॅलिपरमधले ऑइल उकळले की वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, आणि पायडल स्पंजासारखे होऊन तळाला टेकते. शर्यतीसाठीच्या ऑइलचा कोरा उत्कलनबिंदू ३०० अंशांपलीकडे असतो. म्हणूनच ताजे, उच्च उत्कलनबिंदूचे ऑइल भरून चारही चाकांतून हवा काढणे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधी करायची सुधारणा आहे. सहा पिस्टनचे महागडे कॅलिपर जुन्या ऑइलवर चालवणाऱ्याने मूळ धोका जसाच्या तसा ठेवलेला असतो. सिलिकोनवर आधारलेले डॉट-५ मात्र या कामाचे नाही. ते ग्लायकॉलमध्ये मिसळत नाही आणि एबीएस असलेल्या मोटारींसाठी योग्य मानले जात नाही.

दुसरी वस्तू पॅड. पॅडमधील पदार्थ बांधून ठेवणारी राळ अतितापाने विघटित होऊन वायू सोडते, घर्षण गुणांक कोसळतो आणि पायडल कडक राहूनही मोटार थांबत नाही. पायडल मऊ झाले तर ऑइलकडे आणि कडक राहूनही परिणाम नसेल तर पॅडकडे पाहावे, हे निदान प्रत्येक ट्रॅक-चालकाला पाठ असायला हवे. रस्त्यावरचा पॅड पहिल्या थंड दाबापासून चावतो, पण सुमारे ३५०-४०० अंशांनंतर ढिला पडू लागतो. शर्यतीचा पॅड ६०० अंशांवरही टिकतो, पण थंड असताना त्याची पकड अपुरी असते, तो कर्कश आवाज करतो, चाकांवर काळी भुकटी बसवतो आणि तबकडी झिजवतो. सकाळी सोसायटीच्या फाटकाबाहेर अचानक मूल समोर आले तर शर्यतीचा थंड पॅड हा खरोखरीचा धोका आहे. दोन्हीकडे सारखाच उत्तम असा पॅड अस्तित्वात नाही, आणि जाहिराती काहीही म्हणोत, मधल्या प्रतीचा पॅड ही दोन्ही बाजूंची तडजोडच असते. पॅडची जाडी हीदेखील तबकडी आणि ऑइल यांच्यामधली उष्णतारोधक भिंत असल्याने ट्रॅकवर जाताना अर्धा झिजलेला पॅड बदलून टाकणेच शहाणपणाचे ठरते.

यानंतरची पायरी थंडाव्याची. दोन पृष्ठभागांमधल्या पोकळीत पंख्यासारखी पाती असलेली तबकडी फिरताना मध्यातून हवा ओढून परिघाकडे फेकते. त्यामुळे बंपरमधून आणलेल्या नळीची हवा तबकडीच्या मध्याशी सोडली तरच तिचा पुरेपूर उपयोग होतो, नुसत्या बाहेरच्या पृष्ठभागावर सोडल्यास एकच बाजू थंड होऊन तबकडीवर असमान ताण पडतो. दिसायला देखणी अशी भोके पाडलेली डिस्क मात्र ट्रॅकवर टाळावी, कारण तापण्या-निवण्याच्या चक्रात भोकांच्या कडांपाशी तडे सुरू होतात. साध्या वा खाचा पाडलेल्या डिस्क अधिक टिकतात.

मोठे कॅलिपर आणि मोठ्या डिस्क यांचा संच या सगळ्यानंतर येतो, आणि तेव्हा त्याचे खरे काम उष्णता साठवणारे वस्तुमान वाढवणे हे असते. येथे समतोलाचा धोका आहे. केवळ पुढच्या चाकांचे रोधक बल वाढवले, तर पुढचे टायर आधी पकड सोडतात, मागचे ब्रेक अर्धवट रिकामे राहतात आणि थांबण्याचे अंतर उलट वाढू शकते. पिस्टनचे एकूण क्षेत्रफळ वाढले तर पायडलने दाबल्या जाणाऱ्या त्याच मास्टर सिलिंडरला अधिक द्रव ढकलावा लागतो आणि पायडल लांब जाते. जर्मनीत अशा बदलाला तपासणी संस्थेची मान्यता आणि वाहनाच्या कागदपत्रांत नोंद लागते. भारतात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई असल्याचे स्पष्ट केले.

उष्णतेचा हा प्रश्न केवळ ट्रॅकचा नाही. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना मोटार सुमारे ५०० मीटर खाली येते, आणि १,६०० किलो वजनाला त्या उतारावर जवळजवळ ७८ लाख जूल ऊर्जा मिळते, म्हणजे ताशी २०० किलोमीटरवरून पूर्ण थांबण्याच्या तिपटीहून अधिक. ती काही सेकंदांऐवजी कित्येक मिनिटांत उतरत असल्याने आणि खालच्या गिअरमध्ये इंजिनाचा रोध बराचसा वाटा उचलत असल्याने निभाव लागतो; न्यूट्रलमध्ये घाट उतरणारा चालक तो वाटा नाकारून सारा भार पॅड आणि ऑइलवर टाकतो.

एकाच मोटारीने रस्ता आणि ट्रॅक दोन्ही साधायचे, तर पॅड बदलणे अटळ होते आणि तिथे एक कमी बोलली जाणारी अडचण येते. पॅड रुजवताना मध्यम वेगावरून वारंवार ब्रेक लावून, पूर्ण न थांबता, त्याच्या द्रव्याचा पातळ थर तबकडीवर चढवला जातो आणि नंतरचे घर्षण या थराशी होते. तापलेली मोटार पायडल दाबून उभी ठेवली की पॅडखालच्या जागी हा थर जाड बसतो आणि पायडल थरथरू लागते. डिस्क वाकली असे निदान गॅरेजमध्ये केले जाते, परंतु अमेरिकी शर्यत-अभियंते कॅरोल स्मिथ यांनी दाखवून दिल्याप्रमाणे दोष बहुतेक वेळा या असमान थराचाच असतो. वेगळ्या जातीचा पॅड त्याच तबकडीवर चढवला की दोन थर एकमेकांत मिसळून पकड अनिश्चित होते. म्हणून जाणकार ट्रॅकसाठी पॅडबरोबर डिस्कचीही वेगळी जोडी ठेवतात, आणि ट्रॅकवरचा शेवटचा फेरा ब्रेक जवळजवळ न लावता, संथपणे, केवळ हवेने त्या निवाव्यात म्हणून मारतात.